नंदीच्या खांद्यावरचं क्लिअर

ज्याला चाकं आहेत ते माझं गिऱ्हाईक, हा माझा जुना नियम आहे. मग चाकं ट्रकची असोत, जीपची असोत, नवरदेवाच्या कारची असोत, की तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची. मोठ्या नंदीच्या पायाखाली पाट असतो आणि त्या पाटाला चार चाकं असतात. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसते म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दिवाळी अंकवाली मंडळी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी आली आणि म्हणाली, बाबा, तुमच्या कामाचं काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, माझी शाळा तिसरीतच सुटली. ते म्हणाले, चालते. आता चालते म्हटल्यावर माघार घेणारा मी नव्हे. तसं पाहिलं तर ट्रकांच्या मागे मी आयुष्यभर लिहीतच आलो. ते सगळं मालकांनी सांगितलेलं होतं. हे माझं मी लिहितो आहे, शुद्ध-अशुद्ध तुम्ही पाहून घ्या.

लोकांना वाटते गाडी रंगाने चमकते. साफ खोटं आहे. रंग बिचारा खाली खडूसारखा कोरडा बसलेला असतो. त्याच्यावर पाण्यासारखा पारदर्शक थर मारतात, त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. चमक त्याची. ऊन, पाऊस, कावळ्याची घाण, पोट्ट्यांची नखं, सगळं झेलायचं तेही त्यानेच. रंग म्हणजे घरातली लक्ष्मी, तर क्लिअर म्हणजे दारात खाट टाकून बसलेला बुढा. येणाऱ्या-जाणाऱ्याचं पहिलं बोलणं त्यानेच खायचं.

आणि कोणत्या कामाला कोणतं क्लिअर, इथेच पेंटरची अक्कल कळते. साध्या लाल, निळ्या, पक्क्या रंगाला क्लिअर नसलं तरी भागते. चांदीची किंवा मोत्याची झाक असलेला रंग असेल तर क्लिअरशिवाय तो रंगच नाही, राख आहे. क्लिअरही दोन जातीचं. एक असते एका डब्याचं. थिनर टाकलं, मारलं, घटकाभरात वाळलं. स्वस्त आणि सोपं. पण पावसाळी हवेत मारलं तर आत ओल धरून दुधासारखं पांढरं पडते, आणि आमच्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्याची सालं निघतात. दुसरं दोन डब्यांचं. एकात क्लिअर, दुसऱ्यात त्याला कडक करणारं हार्डनर. दोन्ही मिसळले की मग चहा प्यायलाही थांबायचं नाही, भांड्यातच त्याचा दगड होतो. श्वासाला ते वाईट, तोंडावर चांगला मास्क बांधावा लागतो. पण एकदा वाळलं की काच.

आर्वीचा एक कापसाचा दलाल चंदेरी कार घेऊन आला होता. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पेंटर, ते एका डब्याचंच मार. चमक तं सारखीच दिसून राह्यली."

"आज सारखी दिसते शेठ. उन्हाळा गेल्यावर सांगजा."

"उन्हाळ्यात मी काय गाडी वाळवणावर टाकतो का गा?"

उन्हाळा गेला. कारच्या बॉनेटवरून क्लिअर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटलं. शेठ आले, गाडीजवळ उभे राहिले, आभाळाकडे पाहत म्हणाले, "यंदा ऊन जरा जास्तच पडलं गा पेंटर."

मी म्हटलं, "हव शेठ. अन् नेमकं तुमच्याच बॉनेटवर पडलं."

ते हसले, आणि दोन डब्यांचं मारून घेऊन गेले. असं गिऱ्हाईक मला आवडते. चूक कबूल करत नाही, पण परत येते.

याच्या उलट कारंज्याला असताना एक ट्रकमालक भेटला होता. कारंजा म्हणजे घाडग्यांचं कारंजा, नागपूर-अमरावती हायवेवरचं. ट्रकला ब्रशने मारलेला तेलरंग असतो. त्याला क्लिअर लागत नाही. याने कुठेतरी कार पाहिली आणि हट्ट धरला की ट्रकवरही तेच मारा, दोन डब्यांचं, महागवालं. मी नको म्हटलं, चारचौघांसमोर म्हटलं. त्याने ऐकलं नाही. मारलं. पाहता पाहता खालचा तेलरंग सुरकुतला, तव्यावरच्या पापडासारखा. जोरकस थिनरने खालच्या रंगाला उचललं. महाग तेच चांगलं, असं समजणाऱ्याला मी आजही हा पापड सांगतो.

त्याच कारंज्याला ट्रकची लाकडी बॉडी बांधायचा किसन मिस्त्री. बॉडी त्याची, रंग माझा, अशी आमची जोडी होती. हायवेवर लोक म्हणत, किसनची फळी आणि या पेंटरचा हात लागला की ट्रक नवरीसारखा निघते. मग एका ट्रकच्या फळ्यांवरचा रंग तडकला. किसन म्हणाला, रंग कच्चा होता. मी म्हणालो, लाकूड ओलं होतं. तो म्हणाला, माझं लाकूड ओलं असूच शकत नाही. मी म्हणालो, मग माझा रंगही कच्चा असू शकत नाही. संपलं. पुढे दोघंही वर्ध्याकडे आलो, सिंदी मेघेलाच घरं बांधली, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवलो, पण पंगतीत तोंडं दोन दिशांना. लाकूड ओलंच होतं, हे मी आजही सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा तोंडावर आला होता. मी दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसलो होतो. दुकान म्हणजे घराच्या अंगणातलीच टिनाची शेड. किसन मिस्त्री येऊन फाटकात उभा राहिला. माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि आत पाहून माझ्या बायकोला हाक मारली.

"सुमनवहिनी, पेंटर घरी आहे काय?"

"हे काय, तुमच्या पुढेच तं बसले आहेत," सुमन ओट्यावरून म्हणाली.

"मंग सांगा त्याले, एक नंदी रंगवाचा आहे. कारचा पांढरा रंग असते नं, मोत्यावानी, तो."

मीही सुमनकडे पाहून म्हटलं, "त्यायले विचार, लाकूड वाळलेलं आहे काय?"

"सांगा त्याले, जुन्या जिनिंगच्या दाराचं सागवान आहे. तो जन्माले आला नव्हता तवापासून वाळून राह्यलं."

"आता एवढं वाळलेलं आणलं. कारंज्याले आणलं असतं तं बरं झालं असतं."

सुमनने दोघांना चहा दिला. कप घेताना मी किसनचा हात पाहिला. बशी वाजत होती. डाव्या हाताने उजवा धरून त्याने चहा प्यायला आणि तेव्हाच काय ते एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सुमनला म्हणाला, "वहिनी, आता पटाशी धरवत नाही. दोन वर्षं लागली याले. हा शेवटचा. आपल्या चौकातल्या पोट्ट्यांच्या पुढं यंदा हा निघाला पाह्यजे. निघाला तं निघाला. पुढच्या साली मी दुसरा करून देईन, असं सांगाले माह्याकडे हात नाही."

असं बोलल्यावर माणूस नाही म्हणत नाही. मी सुमनला म्हटलं, "सांग, आणून टाका म्हणावं."

नवख्या वाचकासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून चौकात आणतात, मग घरोघरी फिरतात. बाया नंदीची पूजा करतात आणि पोरांच्या हातावर काहीतरी ठेवतात, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. मोहल्ल्याचा एक मोठा नंदी सगळ्यांच्या पुढे असतो.

किसनचा नंदी हातगाडीवरून आला तेव्हा मी स्टुलावरून उठलो. छातीइतका उंच. मान किंचित उजवीकडे वळलेली, जशी बैल माशी हाकलताना वळवतो. गळ्याखालची पोळी अशी की आता हलेल. मी बोटाने वाजवून पाहिलं. लाकूड खणखणीत वाळलेलं. हे मी त्याला सांगितलं नाही.

घासला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, पुन्हा घासला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मोतीपांढरा बेस मारून झाला. हा रंग तीन थरांत येतो, खाली पांढरा, वर मोत्याची झाक, सगळ्यांत वर क्लिअर. झाक मारून झाली आणि आभाळ भरून आलं. नेहमी बेस वाळला की लगेच क्लिअर मारतात. पण टिनावर पाऊस वाजायला लागला, हवा ओल्या गोणपाटासारखी झाली. एका डब्याचं मारलं तर दुधासारखं पांढरं पडेल, मोत्याची झाक मेली समजा. दोन डब्यांचं मारलं तरी अशा ओलीत चमक मंदावते. मी ठरवलं, आज नाही. सकाळी हवा उघडली की दोन डब्यांचं, लवकर कडक होणारं हार्डनर घालून मारायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते मिरवायला तयार. निर्णय बरोबरच होता. आजही तोच घेईन.

सकाळी खरंच ऊन पडलं. मी नंदीवर हलक्या हाताने कापड फिरवलं, धूळ झाडली, मास्क बांधला, मिसळलं आणि पाठीकडून सुरुवात केली. पाठ, पोट, चारही पाय, मान, डोकं. काय उतरत होतं! शेडमधली खिडकी नंदीच्या कुशीत दिसायला लागली. मग मी खांद्यावर आलो.

खांद्यावर क्लिअर बसेना. मारलं की मागे सरके. गोल गोल खड्डे पडू लागले, एकेक खड्डा वाटाण्याएवढा, देवीच्या वणांसारखा. याला आम्ही डोळे पडणं म्हणतो. कुठे तेल किंवा मेण असलं की क्लिअर त्याला शिवत नाही, बाजूला होते. मी फवाऱ्याची गन थांबवली. पहिला संशय कंप्रेसरवर. हवेबरोबर तेल येत असेल. पत्र्याच्या तुकड्यावर मारून पाहिलं, स्वच्छ. मग क्लिअरच्या डब्यावर संशय. पण पाठीवर तेच क्लिअर आरशासारखं बसलं होतं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन मारलं. दुसऱ्या खांद्यावरही डोळे. तेवढ्याच जागेत, जिथे जू बसते. मी मास्क खाली केला. वास आला. तुपाचा.

"अवं सुमन!"

ती पुरणाचे हात पुसत आली.

"काल नंदीले काही लावलं होतं काय?"

"हव," ती सरळ म्हणाली. "खांदमळणी होती नं काल."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू ओढलेला खांदा, त्याला त्या दिवशी शेक मिळतो. मग त्याच्या कानाशी वाकून आवतण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सुमन आर्वीकडच्या खेड्यातली. तिच्या बापाच्या दावणीला बैल होते. माझ्याशी लग्न करून ती आली ती पेंटरच्या घरात. इथे जॅक होता, टायर होते, बैल नव्हता.

"अवं, तो लाकडाचा आहे!"

"लाकडाचा असला तरी बैलच नं? दारात बैल उभा, खांदमळणीची सांज, अन् त्याचा खांदा कोरडा ठेवू?"

"मले विचारलं असतं!"

"तुमी गन धूत होते. आवाज देल्ला तं म्हणाले, करून घे, मले त्रास देऊ नोको. मी करून घेतलं."

हे मी म्हटलं असेल. गन धुताना कोणी काही विचारलं की मी हेच म्हणतो. रंग खराब होऊ नये म्हणून तिने हळद टाळली होती आणि पळसाच्या पानाने, हळूच, तूप पुसूनही घेतलं होतं. कोरडा बेस टीपकागदासारखा असतो. तूप त्याने पिऊन टाकलं होतं.

क्लिअर ओलं होतं तोवरच मी दोन्ही खांदे थिनरने पुसून काढले. क्लिअरबरोबर रंगही आला, थेट खालचा करडा प्रायमर उघडा पडला. चिंध्या बदलत बदलत पुसलं, साबणाच्या पाण्याने धुतलं, पुन्हा थिनर. एकच चिंधी दोनदा फिरवली तर तेच तूप दुसऱ्या जागी जाते, म्हणून प्रत्येक वेळी नवी. घरातलं जुनं धोतर त्यात गेलं. शेवटी खांदे साफ झाले, आणि माझ्यापुढे एक देखणा मोतीपांढरा नंदी उभा होता, ज्याच्या दोन्ही खांद्यांवर करडी भगदाडं होती.

आता खरी पंचाईत इथे होती. मोत्याचा रंग मधल्याच जागी जुळत नाही. कितीही जपून मारा, उन्हात ठिगळ दिसते. जुळवायचा तर अख्खा नंदी पुन्हा मारावा लागतो, आणि त्याआधी वरचं ओलं क्लिअर वाळवून घासावं लागते. उद्या दुपारी मिरवणूक. वेळ नव्हता. आणि आभाळ पुन्हा भरायला लागलं होतं.

नेमका त्याच वेळी किसन आला. बगलेत झूल, हातात घुंगरांची माळ. शेडच्या दारात थांबला. नंदीच्या पाठीवर त्याची नजर गेली आणि चेहरा उजळला. मग खांदा दिसला. माळ त्याच्या हातात वाजायला लागली.

काय सांगणार? या माणसाने दोन वर्षं घातली, परत कधी घालणार नाही, आणि माझ्या शेडमध्ये एका संध्याकाळी हे झालं. कारंज्याच्या फळ्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. हे लागलं.

सुमनच पुढे झाली. "भाऊजी, माह्या हातून झालं. मी त्याची खांदमळणी केली."

किसनने तिच्याकडे पाहिलं. "नंदीची?"

"हव. तूप लावलं."

"आवतनही देल्लं?"

"देल्लं."

"कानात?"

"कानातच देतेत नं."

किसनने झूल खाली ठेवली, नंदीजवळ गेला आणि करड्या भगदाडावर हात ठेवला. "मंग तं जेवाले आलाच पाह्यजे त्यानं," तो म्हणाला. आणि कारंजा सोडल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे तोंड करून बोलला.

"काय गा पेंटर, हा खांदा चमकलाच पाह्यजे काय?"

"मंग? सगळा चमकन अन् खांदाच नाही?"

"तू कवा बैल पाह्यला आहे काय जवळून? जुवाखाली घट्टा पडते. काळपट, खरबरीत. ज्याचा खांदा चमकते त्यानं काम नाही केलं."

"किसन, मी कार रंगवतो. चमक नाही तं काम नाही."

"हा कार नोहे नं बाप्पा."

"चाकं आहेत याले!"

"चाकं तं तुमच्या खाटेलेही आहेत," सुमन म्हणाली. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. आमच्या खाटेला खरंच चाकं आहेत, मीच लावली.

मी मान्य केलं नाही. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा फळीवरून एक डबा काढला. क्लिअरची एक तिसरी जात असते, ती मी मुद्दाम आधी सांगितली नाही, कारण ती मला आवडत नाही. मॅट. तिच्यात बारीक भुकटी असते, उजेड त्यावर पडला की विखुरतो, परत फिरत नाही. चमक नसलेलं क्लिअर. नागपूरच्या एका हौशी पोराच्या कारसाठी आणलं होतं, अर्धा डबा उरला होता. चमक घालवण्यासाठी जास्तीचा खर्च करणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मी तेव्हा त्याच्या तोंडावरच विचारलं होतं.

मॅटचं एक अवघड असते. चमकदार क्लिअरमध्ये धूळ बसली, ओघळ आला, तर वाळल्यावर घासून, पॉलिश करून निघते. मॅटला पॉलिश करता येत नाही. पॉलिश केली की तेवढीच जागा चमकते. म्हणजे एका फेरीत बसलं तर बसलं.

मी राखाडी, काळपट, थोडा तांबूस असा रंग मिसळला. किसनला म्हटलं, "घट्टा कुठून कुठपर्यंत असते ते तूच दाखव."

त्याने खडू घेतला. हात थरथरत होता. रेघ नागमोडी आली, कुठे आत, कुठे बाहेर. तो पुसायला गेला. मी त्याचा हात धरला. "राहू दे. बैलाचा घट्टा काय पट्टी लावून पडते?"

त्या वाकड्या रेघेवरच मी रंग विरळ करत नेला, कड कुठे सरळ येऊ दिली नाही. मग मॅट. दोन्ही खांदे, न थांबता, एका दमात. मास्कच्या आत मी चक्क देवाचं नाव घेत होतो, जे मी सहसा घेत नाही. गन खाली ठेवली आणि वाकून पाहिलं. एकही डोळा नाही. मॅट सारखं, सपाट, कोरडं बसलं होतं. पांढऱ्याशुभ्र चमकत्या अंगावर दोन दमलेले खांदे.

सुमनने ताटं वाढली, किसन आमच्या ओट्यावर बसून पुरणपोळी जेवला. जेवता जेवता म्हणाला, "लाकूड मात्र ओलं नव्हतं गा."

"ओलंच होतं," मी म्हटलं. दोघांनाही बरं वाटलं.

त्या दिवशी मी शेडचं दार लावून घेतलं, आत मोठे बल्ब लावून ठेवले, हवा कोरडी राहावी म्हणून, आणि कोणालाही, बायकोलाही, आत जाऊ दिलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी नंदी निघाला. झूल, गळ्यात घुंगरं, शिंगांना चवराचे गोंडे, पुढे पोट्ट्यांची झुंड, मागे कोणीतरी डीजे लावलेला. जो तो मोबाईल काढून फोटो घेत होता. चौकात पोहोचतो न पोहोचतो तोच पाऊस आला. मी छत्री घेऊन धावलो, नंदीवर धरायला. मग थांबलो. पाठीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे गोल होऊन घरंगळत होते. एक थेंब आत शिरला नाही. मी छत्री स्वतःवर धरली.

गर्दीत एक म्हातारा शेतकरी होता, कोणाचा तरी पाहुणा असेल. त्याने नंदीभोवती एक फेरी मारली, पाठीकडे फारसं पाहिलं नाही, खांद्यावर हात ठेवला, तसाच ठेवून थांबला. बाजूच्या पोराला म्हणाला, "पाह्य बे, कामाचा बैल आहे हा. खांदा पाह्य त्याचा." किसन त्याच्या मागेच उभा होता. त्याने ऐकलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

मग घरोघरी फिरणं सुरू झालं. पहिल्याच घरातून एक बाई ताट घेऊन आली. ताटात कुंकू, हळद, आणि वाटीत तूप. तिने वाटीत बोटं बुडवली. किसनचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळला.

"पेंटर, लावू द्याचं काय?"

मी खाली वाकलो, नंदीच्या पोटाखाली, जिथे कोणी पाहत नाही, तिथे अंगठ्याचं नख रोवून दाबलं. मग खांद्याच्या आतल्या कडेला, मॅटवर, तसंच. आम्ही पेंटर लोक असंच तपासतो, नखाची खूण उमटली तर क्लिअर अजून कच्चं. बाई बोटं वर धरून थांबली होती, तूप तिच्या मनगटाकडे ओघळत होतं. खूण उमटली नव्हती. कुठेच नाही.

"लावा बाई," मी म्हटलं. "दोन्ही खांद्यांना लावा. आता काही होत नाही."

तिने भरभरून लावलं. हळद, तूप, कुंकू, सगळं. मी छत्री मिटली, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला सपाटून भूक लागली.